मूळ रेकॉर्ड आणि नंतर गायलेलं तेच गाणं: तुलना करण्याआधी काय सारखं करून घ्यायचं?

रामबागकर (इंदूर)

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम झाले की नाट्यपदांच्या चित्रफिती फिरायला लागतात आणि त्याखाली ठरलेले वाद सुरू होतात. 'मुळात लय इतकी ठाय नाही', 'मूळ पट्टी वरची होती', 'ही जागा रेकॉर्डमध्ये नाहीच'. यातली निम्मी विधानं गायकाबद्दल नसतातच. ती रेकॉर्डबद्दल असतात, आणि त्याहून जास्त वेळा रेकॉर्डवरून कुणीतरी तयार केलेल्या फाइलबद्दल असतात. नव्या गायकावर यात फार अन्याय होतो. म्हणून आधी काय सारखं करून घ्यायचं ते इथे लिहितोय. राहिलेलं भरा, चुकलेलं दुरुस्त करा.

वेग सगळ्यात आधी. ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) रेकॉर्ड कापताना ती ७८ नेच फिरत होती असं धरून चालू नका. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आलं. त्याआधी गायक भोंग्यात गायचा आणि मेणाची तबकडी वजनाच्या ओढीवर फिरायची. त्या काळात ७४ पासून ८० च्या पुढपर्यंत वेग सापडतात. हिशेब सोपा आहे: वेगात एक टक्का फरक म्हणजे सुमारे १७ सेंट, आणि अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. ७४ ने कापलेली तबकडी ७८ ने वाजवली की पट्टी ९१ सेंट चढते. काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी दोनला पोचतं. लयही तेवढीच चढते, २११ सेकंदांचं गाणं २०० सेकंदांत संपतं. मग आजचा गायक अगदी मूळ लयीत गायला तरी तो रेंगाळतोय असंच वाटणार.

मग आवाजाची पातळी. जुन्या रेकॉर्डची फाइल सहसा हळू असते, आजचं ध्वनिमुद्रण दाबून मोठं केलेलं असतं. एका डेसिबलचा फरकही 'हा आवाज जास्त भरदार' अशी समजूत करून देतो. ऑडासिटीत (ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर) दोन्ही फायली मोनो करा, 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' उघडा आणि दोन्हींना उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) द्या. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आला पाहिजे.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. भोंग्याचं ध्वनिमुद्रण अंदाजे २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडतं. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आसपास असतो, 'स'चा सुस्कार चार-पाच हजारांच्या वर. दोन्ही रेकॉर्डवर उतरलेच नाहीत. त्यामुळे 'तेव्हा डग्गा वाजवतच नसत' हा निष्कर्ष चुकीचा, आणि 'स' मऊ उच्चारायची ती पद्धतच होती हाही चुकीचा. काही गायक ऐकून ऐकून तो मऊ 'स' आपल्या गाण्यात घेतात. ती नक्कल गायकाची होत नाही, भोंग्याची होते.

यावर उलटी चाचणी करून पाहा. आजच्या गाण्याची एक प्रत काढा, तिला हाय-पास (खालचे स्वर गाळणारा) २०० वर आणि लो-पास (वरचे स्वर गाळणारा) २५०० वर लावा, दोन्हींचा उतार २४ डेसिबल. मग ती जुन्या रेकॉर्डशेजारी ऐका. तानपुरा नाहीसा होतो, तबल्याची नुसती चाट उरते, आवाज पुढे येतो. जुन्या आवाजाचं म्हणून जे वाटत होतं त्यातलं किती नव्यातही आलं, ते पाच मिनिटांत कळतं.

डग्गा_चाट (ग्वाल्हेर, लष्कर)

चांगला धागा. लयीबद्दल माझ्याकडून.

'लय जलद आहे' असं नुसतं म्हणू नका, मात्रा मोजा. ऑडासिटीत गाणं चालू असताना प्रत्येक समेवर कंट्रोल आणि एम दाबा, तिथे खूण पडते. शेवटी खुणा मजकुराच्या फाइलमध्ये निर्यात करा, सेकंदांचे आकडे मिळतात. ते एक्सेलमध्ये टाकून वजाबाकी करा. बोटाची चूक होतेच, म्हणून एका आवर्तनावरून लय काढू नका, चार घ्या. तीनतालाची चार आवर्तनं म्हणजे ६४ मात्रा. त्यांना ३८.४ सेकंद लागले तर लय मिनिटाला १०० मात्रा.

हे तीन ठिकाणी करा: अस्ताईच्या सुरुवातीला, अंतऱ्याच्या तोंडाशी आणि शेवटच्या तानांत. जुन्या रेकॉर्डमध्ये हे तीन आकडे सहसा वेगळे येतात, कारण लय गाण्याबरोबर चढते. आजच्या ध्वनिमुद्रणात तिन्ही अगदी सारखे आले तर ते क्लिकवर, म्हणजे कानात यंत्राचे ठरावीक ठोके ऐकत, घेतलेलं आहे. अशा वेळी सरासरी लय जुळली तरी गाणं जुळत नाही. जुन्यात अंतऱ्याची उचल सुटते ती लय हलते म्हणून, आणि क्लिकवर तबलजीला ते करताच येत नाही. सरासरीचा एकच आकडा लिहून मोकळं होणं हे तुलनेतलं सगळ्यात मोठं नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि तालाचं नाव तपासा. नव्या आवृत्त्यांत धुमाळीच्या जागी साधा केहरवा सर्रास वाजतो. मात्रा आठच, पण वजन वेगळ्या जागी पडतं आणि शब्दांची फेक बदलते. दोष मग गायकावर येतो.

पाटणीपुरा_४५ (इंदूर)

प्रश्न आहे. १९५०-६० च्या दशकातलं चित्रपटगीत आणि त्याची नंतरची आवृत्ती यांची तुलना करतोय. मूळ गाणं व्हीसीडीवरून घेतलंय. त्यात पट्टी दोन पट्ट्यांच्या मध्ये येते, पेटीवर कुठेच बसत नाही. रेकॉर्डचा वेग चुकलाय असं धरायचं का?

रामबागकर (इंदूर)

नाही, ही रेकॉर्डची चूक नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडची व्हीसीडी आणि डीव्हीडी पाल पद्धतीची, २५ चौकटींची. बहुतेक वेळा चित्रपट तसाच २५ ने पळवून उतरवतात. वेग ४.१७ टक्के वाढतो, पट्टी ७१ सेंट चढते, चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ५० सेकंदांत संपतं. ऑडासिटीत 'चेंज स्पीड अँड पिच' घेऊन गुणक ०.९६ द्या. 'चेंज टेम्पो' किंवा 'चेंज पिच' एकेकटं वापरू नका, त्यात लय आणि पट्टी यांची फारकत होते. पट्टी पेटीवर बसली की दुरुस्ती बरोबर झाली असं समजायला हरकत नाही.

शक्य असेल तर तुलनेसाठी चित्रपटातला आवाज घेऊच नका, रेकॉर्ड घ्या. आणि दोन्ही वेगळे असू शकतात हे लक्षात ठेवा. रेकॉर्डवर कडवं कमी, मधलं संगीत छोटं. तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत तर चित्रपटात एक आवाज आणि रेकॉर्डवर दुसरा असंही होतं.

पांढरी_चार (इंदूर)

रामबागकरदादा, 'पट्टी पेटीवर बसली की झालं' हे चित्रपटगीताला ठीक आहे. नाट्यपदांना लावू नका. साथीला पायपेटी किंवा ऑर्गन असतो आणि तो आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर लावलेला असेलच असं नाही. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये आला याचे दोन अर्थ निघतात: वेग चुकला, किंवा ऑर्गनच तसा होता. एका रेकॉर्डवरून ठरवता येत नाही. त्याच बैठकीतल्या, म्हणजे लागोपाठच्या मॅट्रिक्स क्रमांकांच्या (ध्वनिमुद्रणाच्या वेळी तबकडीला दिलेला क्रमांक) तीन-चार रेकॉर्ड घ्या. सगळ्यांत सूर तेवढाच सरकलेला असेल तर तो ऑर्गन असू शकतो. प्रत्येकीत वेगळा सरकला असेल तर तो वेग.

सगळ्यात जुन्या रेकॉर्डच्या शेवटी गायक आपलं नाव बोलून सांगतात. ते बोलणं फार कामाचं आहे. गाण्यातला आवाज चढलाय हे कान पटकन पकडत नाही, बोलण्यातला लगेच पकडतो. वेग दोन-दोन टक्क्यांनी कमी करत ते एकच वाक्य ऐका. एका टप्प्यावर माणूस नेहमीसारखा बोलायला लागतो. तिथून पुढे ऑर्गनवरून बारीक दुरुस्ती करा.

आता गायकाच्या बाजूचं. पुरुषाचं गाणं बाईनं गायलं, किंवा उलट, तर पट्टी चार-पाच स्वरांनी हलते. अशा वेळी संगणकावर एकाची पट्टी दुसऱ्यावर आणून ऐकू नका. दोन अर्ध्या स्वरांच्या पुढे सरकवलं की स्वरांसकट आवाजाची जातच बदलते आणि तुलना एका खोट्या आवाजाशी होते. सरगम लिहून काढा आणि ती ताडून पाहा. पट्टी बदलली की कुठली जागा अवघड होते तेही लिहा. तार गंधारावरचा ठहराव मूळ गायकाला सहज असेल आणि नव्या गायिकेनं तिथे नुसता स्पर्श केला असेल, तर तिनं जागा गाळली असं होत नाही. तिचा तार गंधार कुठल्या पट्टीत येतो ते आधी बघायला हवं.

आणि एक आजचा रोग. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरलंय का, हे डोळ्यांनी दिसतं. 'टोनी' किंवा सोनिक व्हिज्युअलायझर, दोन्ही फुकट आहेत. त्यात स्वराचा आलेख काढा. भीमपलासमधला कोमल गंधार पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित उतरलेला आणि मध्यमाकडून ओढलेला असतो, त्यामुळे आलेखात उतार दिसतो. दुरुस्ती केलेल्या गाण्यात त्या उताराच्या पायऱ्या होतात आणि गंधार नेमका पेटीच्या रेघेवर बसतो. सूर 'अचूक' असतो पण राग गेलेला असतो. नव्या गायकाचा मूळ आवाज सुरेल असतानाही मिसळणारा माणूस हे करून ठेवतो, तेव्हा गायकाला नावं ठेवण्याआधी आलेख बघा.

रामबागकर (इंदूर)

ताई, ऑर्गनचा मुद्दा मान्य. वरच्या पोस्टमध्ये 'चित्रपटगीतापुरतं' असं धरा.

मांडवीकर (बडोदे)

'मूळ' कशाला म्हणायचं यावर कुणीच बोललं नाही अजून.

संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'चाल' लिहिलेली असते आणि पुढे कुठल्यातरी आधीच्या गाण्याचे पहिले शब्द. किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून, म्हणजे १८८० पासून, ही रीत आहे. पद हेच मुळात आधीच्या चालीवर बांधलेलं. खाडिलकरांच्या 'स्वयंवर' (१९१६) नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या त्या ख्यालाच्या अंगानं. बुवांची तालीम बडोद्याच्या फैजमहंमद खाँकडे झाली, ती ग्वाल्हेरची गायकी. म्हणजे रेकॉर्ड तीन पायऱ्या खाली आली: बंदिश, तिच्यावरून रंगमंचावरचं पद, आणि त्या पदावरून तीन मिनिटांची तबकडी. नंतरचा गायक यातल्या कुठल्या पायरीवरून उचलतोय हे न बघता 'मुळाशी इमान नाही' म्हणणं बरोबर नाही. कुणी बंदिशीच्या लयीत जात असेल तर त्याची लय ठाय असणारच.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन ते साडेतीन मिनिटं मिळत. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारं पद त्यात कोंबायचं. म्हणून लय चढी, अंतरा एकदाच, आलाप जवळजवळ नाही, आणि शेवटी ताना घाईनं. बालगंधर्वांच्या साथीला रंगमंचावर तिरखवाँ तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला असताना पद कसं फुलत असेल ते तीन मिनिटांच्या रेकॉर्डवरून कसं ठरवणार? आजचे बरेच गायक रेकॉर्डमधली शेवटची तान जशीच्या तशी घेतात आणि तिथेच थांबतात. तबकडी तिथे संपत होती, पद नाही.

या बाबतीत ऐकण्यासारखं उदाहरण तुमच्या शेजारचं, देवासचं. कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं, त्याच्या नावातच सगळं आहे. त्यांनी रेकॉर्डची नक्कल केली नाही, पद त्यांना कसं उमजलं ते मांडलं. तुलना करताना जागा जुळतात का हे शोधू नका. बालगंधर्व शब्दाचं कुठलं अक्षर धरून सुरावर थांबतात आणि कुमारजी तोच शब्द कुठे सोडतात, एवढंच ओळीओळीनं लिहा. दोन स्तंभ करा, वर शब्द, खाली थांबण्याचा स्वर. एका पदाला दोन तास लागतात, पण पुढे दोघांचंही गाणं वेगळं ऐकू येतं.

निमाडी (खंडवा)

मांडवीकरांच्या पायऱ्यांना चित्रपटातलं उदाहरण. 'कोई हमदम न रहा' आधी अशोककुमार यांनी १९३६ च्या 'जीवन नैया'त गायलं, संगीत सरस्वती देवींचं. १९६१ च्या 'झुमरू'त किशोरकुमारनं तोच मुखडा घेतला, संगीत स्वतःचं. दोघं भाऊ खंडव्याचे, त्यामुळे आमच्याकडे यावर बोलणं कायम चालू असतं. पण पंचवीस वर्षांत माईक, वाद्यवृंद, सगळंच बदललेलं. रामबागकरांनी सांगितलेली गाळणी इथेही लावा, फक्त लो-पास ५००० वर ठेवा, कारण १९३६ चं मुद्रण विजेवरचं आहे. वाद्यवृंदाची चकाकी कमी होते आणि दोघं दम कुठे घेतात ते उघड ऐकू येतं. या गाण्यात तुलना करायची ती दमाची.

पाटणीपुरा_४५ (इंदूर)

०.९६ ने पट्टी बसली, आभार. आता दुसरं. घरच्या टर्नटेबलवर ७८ लावली तर खरखर फार येते आणि आवाज पातळ. सुई बदलायची का?

रामबागकर (इंदूर)

हो, सुईच. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची असते, ७८ च्या खाचेला ६५ ते ७५ ची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी, धुळीत घासत जाते. ७८ साठीची सुई त्याच कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) मिळते का ते बघा. फाइल करताना डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनो करा, सुईच्या खाली-वर हलण्याची खरखर त्यात बरीच कटते. आणि फोनो प्रीअॅम्प (टर्नटेबलचा आवाज वाढवणारं यंत्र) एलपीच्या वळणाप्रमाणे खालचे स्वर वाढवतो आणि वरचे दाबतो. ७८ त्या वळणानं कापलेल्या नसतात, म्हणून आवाज दबका येतो. ऑडासिटीत 'फिल्टर कर्व्ह ईक्यू'मध्ये वरचे स्वर थोडे उचला.

साफ करताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लाखेच्या तबकडीला लावू नका. लाख विरघळते, खाच कायमची जाते. साधं ऊर्ध्वपातित पाणी, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं.

खरखर काढणारं फिल्टर तुलनेच्या प्रतीवर चालवू नका. खरखरीबरोबर 'च', 'त', 'क' यांची टोकं जातात आणि जुना गायक बोबडा वाटायला लागतो.

डग्गा_चाट (ग्वाल्हेर, लष्कर)

तबल्याची चाटही जाते. शंभर टक्के सहमत.

सुदामानगर_गायनवर्ग (इंदूर)

आमच्या वर्गातली मुलं जुनी नाट्यपदं गाऊन यूट्यूबवर टाकणार आहेत. परवानगीचं काय?

मांडवीकर (बडोदे)

शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, रेकॉर्डचा वेगळा. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांच्या पदांच्या शब्दांचा हक्क २००८ अखेर संपला. बखलेबुवा १९२२ मध्ये गेले. म्हणजे स्वयंवरची पदं मोकळी आहेत. रेकॉर्डचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. पण प्रत्येक पदाचा चाल देणारा वेगळा तपासा, एकाच नाटकात दोघंतिघं असतात.

हक्क चालू असलेल्या गाण्याची आवृत्ती काढायची तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ सी, २०१२ च्या दुरुस्तीतलं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. ही आवृत्ती आहे हे वर छापावं लागतं. हे कलम फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे, चित्रफितीला ते पुरत नाही. छोट्या वर्गाला मोकळी पदं घेणंच परवडतं.

पांढरी_चार (इंदूर)

वर्गासाठी एक सुचवते. मुलांना रेकॉर्ड ऐकवताना लेबल आणि क्रमांकासकट ऐकवा. एकाच गायकानं एकच पद भोंग्याच्या काळात आणि पुन्हा विजेच्या काळात गायलेलं असू शकतं. दोन्ही 'मूळ', आणि दोन्हींत जागा वेगळ्या. क्रमांक न लिहिता 'मुळात असं आहे' म्हणायचं नाही ही सवय लहानपणीच लागली तर बरं. लेबलं प्रत्यक्ष पाहायची असतील तर राऊजवळ पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जाण्यासारखं.

पाटणीपुरा_४५ (इंदूर)

शेवटचं विचारतो. दोन बाजूंवर मिळून असलेलं पद फाइलमध्ये जोडलेलं आहे. मधेच सूर किंचित चढल्यासारखा वाटतो. गायक चढलाय की जोड?

पांढरी_चार (इंदूर)

जोडाच्या आधीची दहा सेकंदं आणि नंतरची दहा सेकंदं वेगळी काढा आणि दोन्हींत ऑर्गनचा षड्ज मोजा, गायकाचा नाही. ऑर्गन चढत नाही. त्याचा षड्ज दोन्हीकडे सारखा असेल तर गायक चढलाय. ऑर्गनही चढला असेल तर वेग. वजनावर चालणारी यंत्रं एकाच बाजूत सुरुवातीला एक आणि शेवटी दुसऱ्या वेगानं फिरलेली असू शकतात, म्हणून दुसऱ्या बाजूच्या शेवटीही मोजा. फरक १५ सेंटच्या वर आला तर बाजू तोडून दोघींना वेगळा गुणक द्या आणि मग जोडा. १५ सेंटला ०.९९१४ लागतो.